डाव्या हाताची खूण

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जाणारा माणूस आहे. भिवंडीत टेमघरला आमचा यंत्रमागाचा लहानसा कारखाना आहे. दिवसभर लूम खडाखड चालतात. भूत अगदी कानाशी येऊन काही बोललं तरी ऐकू यायचं नाही... या फोरमवर मी येतो ते वाचायला, आणि खरं सांगायचं तर बरेचसे अनुभव वाचून हसायला. आपण कधी इथे लिहू असं वाटलं नव्हतं.

दुसरी गोष्ट – मी माझ्या धाकट्या भावावर जळतो. प्रेम आहे, नाही असं नाही, पण जळतो. हे लपवून पुढचं सांगितलं तर तुम्हाला ते नीट कळणार नाही, म्हणून सांगून मोकळा होतो.

महेश माझ्याहून पाच वर्षांनी लहान. कॉलेजात असताना किल्ले चढायचं वेड लागलं, आणि त्या वेडापायी मुंबईत एका ॲडव्हेंचर टूरवाल्यांकडे नोकरीही लागली. लोकांना घेऊन परदेशातल्या डोंगरांवर जायचं. परदेश म्हणजे दुबई-सिंगापूर नव्हे. जिथे रस्ता संपतो तिथून पुढे आठवडाभर चालायचं, असल्या जागा. आफ्रिकेत तो तापाने तंबूत पडून राहिला, तर सगळ्या टेमघरात त्याची बातमी. नेपाळच्या पलीकडे कुठे लाकडी पूल वाहून गेला आणि ही मंडळी नदीच्या भलत्याच काठावर बिस्किटं खाऊन दिवस काढत बसली, ती गोष्ट आईने भाजीवाल्यालासुद्धा सांगितली. एकदा कुठल्याशा सीमेवर सैनिकांनी सगळ्यांचे पासपोर्ट काढून घेतले आणि यांना दिवसभर ट्रकमध्ये बसवून ठेवलं. आई त्या दिवशीचं ऐकून जेवली नाही. महेश तोपर्यंत परत येऊन तिच्या समोर बसून कोळंबी खात होता, तरी जेवली नाही!

मला एकदा चालत्या लूममधून धोटा उडून भुवईवर बसला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारं लाकडी होडकं, टोकाला लोखंड. डोळा थोडक्यात वाचला, टाके पडले. आई काय म्हणाली?

"बघून काम करत जा."

झालं. संपली बातमी.

तो परत आला की धामणकर नाक्यावर त्याचा बॅनर लागायचा. गॉगल, बर्फ, मागे झेंडा. खाली शुभेच्छुकांमध्ये सगळ्या गल्लीची नावं, त्यात माझंही, बहुतेक शेवटच्या ओळीत. मी रोज त्या बॅनरखालून सुताची बाचकी घेऊन यायचो. माझा परदेश म्हणजे सुरत, तेही टेम्पोवाल्याच्या शेजारी बसून.

बाबा गेल्यावर कारखाना कुणी बघायचा हा प्रश्न कुणी कुणाला विचारलाच नाही. मी बघायचा हे धरलेलंच होतं.

आता आमच्या घरातली एक पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कारखान्यात आवाजामुळे बोलणं ऐकू येत नाही, म्हणून सगळे लूमवाले हातांनी बोलतात. चहा आला, धागा तुटला, मालक आला, सगळ्याला खुणा. बाबांनी आम्हाला त्या लहानपणीच शिकवल्या. घरीही आम्ही त्याच वापरायचो, लग्नाच्या पंगतीत समोरासमोर बसून भात मागायलासुद्धा. आईसाठीची खूण म्हणजे अंगठा कपाळावर टेकवायचा, कारण तिचं कुंकू चांगलं रुपयाएवढं असायचं.

त्यातली एक खूण बाबा थट्टेतही वापरू द्यायचे नाहीत. तळहात उघडा समोर धरायचा, दोनदा खाली दाबायचा, मग अंगठा स्वतःच्या छातीला लावायचा. थांब. हलू नको. मी येतो. ही खूण दिसली की असाल तिथे पुतळा व्हायचं. का, कशाला, काही विचारायचं नाही. मान वळवूनही बघायचं नाही. कारण दोन लूमच्या मधल्या बोळात मोटारचा पट्टा उघडा फिरत असतो, आणि माणूस मागे सरकला की सदरा आधी जातो, मग हात. बाबांनी एका माणसाचा हात तसा गेलेला पाहिला होता. त्यांनी ही खूण आमच्याकडून इतकी घोटून घेतली की अंगणात लगोरी खेळतानाही कुणी ती केली तर आम्ही दोघे जागच्या जागी थिजायचो.

आणखी एक सांगायचं राहिलं. मी डावखुरा आहे. बाबांना ते आवडायचं नाही. बाबांचा सगळा कारभार उजव्या हाताचा.

तर... २००६-०७ च्या सुमाराची गोष्ट. ऑगस्ट महिना. महेश किरगिझस्तानला गेला होता. आईला ते नाव कधी घेता आलं नाही, ती सरळ "तो बर्फात गेलाय" म्हणायची. जाताना सांगून गेला होता की वरच्या भागात फोन लागत नाही, काळजी करू नका. करू नका म्हणे.

त्या दिवशी एक कारीगर गावी गेलेला, म्हणून त्याच्या लूमवर मीच उभा होतो. अंगात बनियन, डोक्यावर रुईचा पांढरा थर. आमच्याकडे दुपारपर्यंत सगळेच म्हातारे दिसतात. उजव्या हातात सुताची कांडी होती, ती धोट्यात भरायच्या बेतात होतो. दुपारचं लोडशेडिंग व्हायला थोडा वेळ होता. छपरातल्या काचेतून चांगला उजेड होता, हे मुद्दाम सांगतो. अंधार नव्हता, मी झोपेत नव्हतो, आदल्या रात्री काही घेतलेलंही नव्हतं.

मान वर केली तर शेवटच्या दोन लूमच्या मधल्या बोळात महेश उभा.

नारिंगी जाकीट, कानावर टोपी, पाठीवर सॅक. माझ्याकडे तोंड, पण नजर माझ्यावर नाही. काहीतरी शोधत असल्यासारखा इकडेतिकडे बघत होता.

माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? आला! न सांगता, सरप्राइज द्यायला आला! आता आई पापलेट आणायला मलाच पळवणार. आणि ऐटीत जाकीट घालून थेट कारखान्यात, कारीगरांना दाखवायला! अंगाचा तिळपापड झाला म्हटलं तरी चालेल.

आणि तेवढ्यात तो मागे सरकला. एक पाऊल. मागे पट्टा फिरत होता.

माझा डावा हात आपोआप वर गेला. तळहात समोर, दोनदा खाली, अंगठा छातीला. थांब. हलू नको. मी येतो.

महेशने मला पाहिलं. अगदी डोळ्यांत डोळे घालून पाहिलं, आणि लहानपणी थिजायचा तसा थिजला. मागचा पाय अर्धवट टेकलेला, तसाच.

मी माझा लूम बंद केला, कांडी टाकली आणि वळसा घालून धावलो. बोळात कुणी नव्हतं. पट्टा फिरत होता. खाली जमिनीवर रुई साचलेली होती, त्यावर मांजर गेलं तरी पावलं उमटतात. एक पाऊल नव्हतं.

शेजारच्या लूमवर रियाजभाई होते, बाबांच्या वेळेपासूनचे कारीगर. ते माझ्याजवळ आले आणि कानाशी ओरडले,

"किसको रोक रहे थे सेठ? उधर तो कोई नहीं है!"

"आपने देखा? मैंने हाथ किया वो?"

"हाँ, देखा ना. मैं खुद रुक गया. मुझे लगा मुझको बोल रहे हो."

म्हणजे मी खूण केली याला साक्षीदार आहे. महेश तिथे होता याला नाही.

मी तसाच घरी गेलो. खरं सांगू का, तेव्हाही अर्ध्या मनाला वाटत होतं की तो मागच्या दाराने निसटून घरी गेला असेल आणि आईच्या मांडीला मांडी लावून बसला असेल. उंबऱ्यापाशी आधी बूट शोधले. नव्हते. आई मागच्या पडवीत बोंबील साफ करत बसली होती.

"कुनी आलं व्हतं का गं?" मी विचारलं. आईशी बोलताना माझी भाषा आपोआप गावची होते.

"कोन येनार या टायमाला? आन तुजं तोंड का असं जालंय? जेवतोस का?"

तिथे मला पहिल्यांदा भीती वाटली. आमच्याकडे म्हणतात, लांब गेलेलं माणूस असं अचानक दिसलं तर ते निरोप घ्यायला आलेलं असतं. आईनेच लहानपणी अशा गोष्टी सांगितल्या होत्या आणि मी पाणी प्यायला उठून गेलो होतो. आता कुठे उठून जाणार? आईने ताट वाढलं. मी जेवलो. तिच्यासमोर जेवावंच लागलं.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. टूरवाल्यांच्या ऑफिसात फोन केला की तीच मुलगी तेच सांगायची – सर, ग्रुप ग्लेशियरवर आहे, कॉन्टॅक्ट नाही, हे नॉर्मल आहे. धामणकर नाक्यावरच्या सायबर कॅफेत जाऊन मेल बघायचो. काही नाही. परत येताना वर बघितलं तर त्याचा मागच्या खेपेचा बॅनर पावसाने फाटून लोंबत होता. तोच बॅनर, ज्याला मी मनातल्या मनात शंभर शिव्या दिल्या होत्या... आता कुणी तो काढू नये असं वाटायला लागलं.

आईला काहीच सांगितलं नव्हतं. पण तिला माझ्या तोंडावरून काहीतरी कळलं असावं. एकदा बाबांच्या फोटोसमोर उभी राहून ती एकटीच बोलताना ऐकली.

"गेल्यापासनं माज्या सपनात येक डाव बी आला न्हाय तुमी. नका येऊ. पन त्या पोराकरं तरी बगा."

मग एका सकाळी फोन वाजला. मीच उचलला. खरखर, आणि त्यातून त्याचा आवाज.

"दादा? मी बोलतोय. खाली आलो. ठीक आहे मी."

मी तिथेच खाली बसलो. बोलायला तोंड उघडतो तोच तो म्हणाला,

"आईला दे."

इतके दिवस मी मरत होतो, आणि आईला दे! दिला बाबा, घे.

तो परत आल्यावर टेमघरातल्या मंडळींनी हॉल घेऊन सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, नवा बॅनर. खुर्च्या लावायला आणि चहा बघायला अर्थातच मी. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो, आई पहिल्या रांगेत.

महेशने माइक हातात घेतला आणि सांगायला लागला. ग्लेशियर म्हणजे बर्फाची नदी, तिला खोल भेगा असतात, वरून ताज्या बर्फाने झाकलेल्या. त्या दिवशी ढग एकदम खाली उतरला. वर पांढरं, खाली पांढरं, स्वतःचे बूट दिसेनात. ग्रुपला एका जागी बसवून तो एकटा वाट बघायला पुढे गेला आणि दिशा हरवून बसला. मागच्या लोकांच्या हाका कुठून येतायत ते कळेना. तो थांबला, वळला, आणि अंदाज घेत एकेक पाऊल मागे सरकायला लागला.

"तेवढ्यात समोर एक माणूस दिसला," महेश म्हणाला. "त्या थंडीत नुसत्या बनियनवर. डोकं पांढरंशुभ्र. आणि त्याने मला ही खूण केली."

त्याने ती करून दाखवली. तळहात, दोनदा खाली, अंगठा छातीला. डाव्या हाताने.

चहाचा ट्रे घेऊन मी भिंतीपासून एक पाऊल पुढे आलो. पण लगेच लक्षात आलं की त्याच्या उजव्या हातात माइक आहे. तो दुसऱ्या कुठल्या हाताने करणार?

"मी जागच्या जागी थिजलो. बऱ्याच वेळाने ढग सरकला. मान न हलवता खाली बघितलं तर माझी मागची टाच हवेत होती. मागे भेग. तळ दिसत नव्हता."

कुणीतरी विचारलं, हे किती वाजता? दुपारी, तो म्हणाला, जेवणाच्या आधी. तिकडचं घड्याळ आपल्यापुढे, पण फार नाही.

"आणि तो माणूस कोण होता?" पुढून प्रश्न आला.

महेशने मान वर केली. सगळ्या डोक्यांवरून त्याने सरळ माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं...

आणि आई उभी राहिली.

"तुजा बापूस व्हता रं तो," ती म्हणाली. "माज्याकरं न्हाय आला इतकी वर्सं. तुज्याकरं आला. चांगलं क्येलं."

बायका डोळ्यांना पदर लावायला लागल्या. महेश आईकडे बघत राहिला. मग म्हणाला,

"हो आई. बाबाच होते."

टाळ्या! शिट्ट्या! कुणीतरी घरून बाबांचा फोटो आणला आणि स्टेजवर तिथल्या तिथे त्याला हार घातला. आणि मी मागे ट्रे घेऊन उभा. ओरडून सांगावंसं वाटत होतं की तो मी होतो! बाबांचं डोकं म्हातारपणाने पांढरं, माझं रुईने! रियाजभाईंना विचारा! जन्मभर भावावर जळलो, त्या दिवशी मी गेलेल्या बापावरही जळलो. एकदाच काहीतरी मोठं माझ्या हातून झालं होतं, त्याचाही हार दुसऱ्याच्या गळ्यात.

पण आईचा चेहरा बघितला आणि गप्प बसलो. बाबा गेल्यापासून तिला इतकं खूश मी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून ती फोटोशी भांडायला लागली, रोज, सकाळी दिवा लावताना. "पोराला भेटाया परदेशात जाता, आन मना भेटाया या फोटूतनं खाली येवत न्हाय." भांडायची आणि हसायची. ते तिच्याकडून काढून कसं घेणार?

मला छळणारा प्रश्न वेगळाच होता. महेशने खरोखर कुणाला पाहिलं? तो बाबांना पाहिलं असं मानतो, की त्याला माहीत आहे? विचारायची हिंमत होईना. समजा तो म्हणाला असता, "नाही दादा, बाबाच होते" – मग माझ्याकडे काय उरलं असतं?

दिवाळीनंतर तो पुन्हा निघाला. दुसरा देश, दुसरा बर्फ. गाडी दाराशी उभी होती आणि तो माझा निरोप घ्यायला कारखान्यात आला. सगळे लूम चालू होते. मी त्याच शेवटच्या बाजूला होतो. तो दारात थांबला, त्याच्या डाव्या हातात बॅग होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि बॅग डाव्या हातातून उजव्या हातात घेतली. सावकाश, मला दिसावं म्हणून.

मग डावा तळहात समोर धरला. दोनदा खाली. अंगठा छातीला नाही लावला. बोट करून माझ्याकडे दाखवलं.

तू.

मी तिथूनच ओरडलो, "मग हॉलमध्ये सांगायला काय झालं होतं रे तुला?"

लूमच्या आवाजात त्याला शब्द काय ऐकू येणार? पण कळलं. त्याने अंगठा कपाळावर टेकवला. आई.

आणि गेला.

गेल्या वर्षी आई गेली, म्हणून आज हे लिहू शकलो. मी बर्फात कसा दिसलो, तो माझ्या कारखान्यात कसा उभा राहिला, मला ठाऊक नाही. महेशलाही ठाऊक नाही. आम्ही दोघांनी बसून खूप डोकं खाजवलं. रियाजभाईंचं म्हणणं एकच, त्यात न समजण्यासारखं काय आहे. असेल बुवा. मला नाही समजलं.

महेश अजूनही मुलाखतींमध्ये "माझे वडील" असंच सांगतो. सवय झाली म्हणतो. मी अजूनही जळतो. आत्ताही तो कुठेतरी बर्फात आहे, फोन लागत नाही, आणि नाक्यावर नवा बॅनर लागलाय. दुपारी लोडशेडिंगच्या आधी मी लूमवर असलो की शेवटच्या बोळाकडे बघत राहतो. कांडी, कात्री, चहाचा ग्लास, जे काही असेल ते उजव्या हातात धरतो. डावा मोकळा ठेवतो.